वजनाला बसलेली माणसं

आमच्या दुकानात चाकाचं माप घ्यायचं असलं की आधी माणसं गोळा करावी लागतात. टेप, पट्टी, जॅक हे सगळं नंतर. चामोर्शीच्या रस्त्याला एका बाजूला पानठेला, दुसऱ्या बाजूला चहाची टपरी आणि मधे आमचं टायर-डिस्कचं दुकान. डिस्क म्हणजे टायर ज्यावर चढतो ते लोखंडी चाक. बसची वाट बघणारी चार-दोन माणसं तिथे कायम असतात. भाऊ, म्हणजे दुकानाचे मालक, पँटीला हात पुसत बाहेर येतात आणि म्हणतात, "चला गा, बसा गाडीत. वजन पाह्यजे."

नवखा माणूस बिचकतो. रोजचे लोक मात्र तोंडातला तंबाखूचा खर्रा तसाच ठेवून उठतात, आपापली पिशवी मांडीवर घेऊन कुणा अनोळखी माणसाच्या गाडीत शिरतात आणि फोटो काढायला बसल्यासारखे समोर बघत राहतात. भाऊ खाली आडवे होऊन टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट मोजतात. मोजून झालं की सगळ्यांना चहा.

"रिकाम्या गाडीचं माप खोटं असते," असं भाऊंचं म्हणणं. "इकडं रिकामी गाडी चालवते कोण? लग्नाले चालली तं भरून, जत्रेले चालली तं भरून, दवाखान्यात चालली तं त्याहून भरून. मंग माप रिकामं काऊन घ्यायचं?"

मी या दुकानात लागलो तोही वजन म्हणूनच. माझं गाव इकडून लांब, सांगली जिल्ह्याच्या पार कोरड्या टोकाला. शाळा आठवीत सुटली, पुढे ट्रकवर क्लीनर झालो आणि एका खेपेला चंद्रपूरकडे माजरीच्या खाणीवर कोळसा भरायला आलो. ट्रकच्या मालकानं ट्रक तिथेच विकून टाकला, आणि नव्या मालकाकडे त्याचा स्वतःचा क्लीनर होता. कुणीतरी सांगितलं गडचिरोलीकडे काम आहे. आलो, तर काम नव्हतं. टपरीवर बसलो होतो. तेवढ्यात भाऊ बाहेर आले. माझ्या शेजारचा उठायला लागला, तर माझ्याकडे बोट करून त्याला म्हणाले, "तू नाई गा, तुह्या बाजूचा. हां, तूच. बस गाडीत."

बसलो. माप झालं, सगळे उतरले, चहाकडे गेले. मला कुठं जायचं ते माहीत नव्हतं म्हणून मी बसूनच राहिलो. भाऊंनी काचेतून डोकावून बघितलं. "उतर ना बे. घर हाय का तुहं इथी?"

मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "मंग जॅक धर."

त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी मला कुणी काय काय येतं असं विचारलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. वजन मागितलं, तेवढं होतं.

भाऊ माणूस मोठ्या आवाजाचा. स्वतःची तारीफ स्वतः करतो आणि ती खरी असल्यामुळे कुणाला राग येत नाही. माझा स्वभाव उलटा, सतत घोर लावून घ्यायचा. नट आवळून झाले की मी पुन्हा आवळतो. गाडी निघून गेली की ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्या मागच्या चाकांकडे बघत उभा राहतो. आई फोनवर विचारते, "जेवलास का रं? झोप लागती का?" जेवतो म्हणून सांगतो. झोपेचं तिला खरं सांगत नाही.

मागच्या उन्हाळ्यात सिस्टरबाईंची गाडी आली. सिस्टरबाई म्हणजे आतल्या जंगलातल्या आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या नर्स. घोटकडच्या रस्त्याला एका गावात राहतात. या भागातल्या अर्ध्या लोकांना सुई त्यांनीच टोचलेली, त्यामुळे दुकानासमोर उतरल्या की बसलेली माणसं सावरून बसतात. त्यांची गाडी जुनी, गोल छपराची, एकेकाळी मोठ्या साहेबांकडे असायची तसली. पुढची सीट सलग, बाकड्यासारखी. गिअरचा दांडा खाली नाही, स्टेअरिंगलाच.

"जयभीम भाऊ. चाकातून आवाज येऊन राह्यला."

"जयभीम बाई. बघतो ना."

भाऊंनी चाकाची टोपी काढली आणि नटांच्या भोकाभोवती नख फिरवलं. गंजाखाली केसासारख्या रेषा गेल्या होत्या. तडे. एका भोकापासून दुसऱ्या भोकाकडे चाललेले. त्यांनी चारही चाकं बघितली, मग उठून उभे राहिले. आवाज एकदम खाली आला होता.

"बाई, हे डिस्क गेले. ह्या चाकांवर लांब जायचं नाई आता."

सिस्टरबाई टपरीच्या बाकावर बसल्या आणि सगळं सांगितलं. त्यांची मुलगीही नर्स, हेमलकशाच्या बाजूला नोकरीला. तिला मुलगी झाली होती. आजीनं बाळंतपणाला जाऊन नात बघितली होती, आजोबांनी फक्त मोबाइलवर. तेही तिकडे रेंज असेल तेव्हा. आजोबा, म्हणजे त्यांचे यजमान, आयुष्यभर बस चालवलेले. एका अपघातात डावा गुडघा असा बसला की पाय आता वाकतच नाही, काठीसारखा सरळ राहतो. बसमध्ये चढता येत नाही, जीपमध्ये मावत नाही. नव्या गाड्यांत दार लहान आणि मधे गिअरचा दांडा. या एकाच गाडीत ते बसू शकतात. डाव्या दाराला पाठ टेकवायची आणि पाय तिरपा, मधल्या मोकळ्या जागेत पसरायचा.

"पावसाळा लागला की तिकडचे नाले भरतात," बाई म्हणाल्या. "मंग दिवाळीपर्यंत जाणं नाई. तोवर ते घरातच. आताच जेवत नाईत धड."

मी जॅकचा दांडा हातात धरून उभा होतो. मला एवढंच कळलं की ही गाडी भंगारात गेली तर तो माणूस घराच्या उंबऱ्याच्या आतच राहणार.

तशी चाकं आता मिळत नाहीत. भाऊ स्वतः चंद्रपूरला गेले, भंगारवाल्यांकडे फिरले आणि दुसऱ्याच एका गाडीचे चार डिस्क घेऊन आले. निरोगी, ठणठणीत. नटांची भोकं जुळत होती, मधलं मोठं भोकही जुळत होतं. मी खूश झालो. भाऊ झाले नाहीत.

"भोकं जुळली म्हणजे चाक जुळलं असं नाई बे. माणसं बी कागदावर जुळतात."

भाऊंचं माप घेणं बघण्यासारखं असतं. डिस्क पोत्यावर उपडा ठेवायचा, म्हणजे जी बाजू गाडीच्या आत जाते ती वर येते. तिच्या दोन्ही काठांवर आडवी पट्टी टेकवायची. भाऊंची पट्टी आलापल्लीच्या सागाची आहे, हाताच्या घामानं काळी झालेली. लोखंडी पट्टी पडून वाकते आणि वाकलेली कळत नाही, साग वाकत नाही, हा त्यांचा विश्वास. मग त्या पट्टीपासून खाली, जिथे डिस्क हबला, म्हणजे आसाच्या टोकाला, टेकतो त्या बैठकीपर्यंत, स्टीलची मोजपट्टी उभी सोडायची. जी खोली येते ती चाकाची मागची खोली. एकदा मोजून भागत नाही. पट्टी पाव वळण फिरवून परत, आणखी फिरवून परत. तिन्ही वेळा तेच माप आलं तर डिस्क सरळ. फरक पडला तर तो कुठेतरी आपटलेला आहे आणि त्याच्याशी बोलायचंच नाही.

त्या दिवशी भाऊंनी मोजपट्टी माझ्या हातात दिली. "तू सांग."

जुन्या डिस्कची खोली चार इंच. नव्याची पावणेपाच. मी चारही नवे डिस्क मोजले आणि परत पहिल्यापासून मोजायला लागलो, तेव्हा भाऊ म्हणाले, "अरे, तो डिस्क का वाढून राह्यला? पुढं चल."

पुढं म्हणजे ऑफसेट. चाकाच्या रुंदीचा मध्य कुठे येतो आणि बैठक त्या मध्यापासून किती बाहेर आहे, ते. त्यासाठी पूर्ण रुंदी हवी, आणि इथे मी पूर्वी नेहमी फसायचो. डिस्कवर छापलेला आकडा घ्यायचो आणि त्याचं निम्मं करायचो. भाऊंनी मला ते एकदा जेवताना शिकवलं होतं, भाताची थाळी पुढे ओढून.

"हे पाह्य. भात मावते ती जागा येवढी. छापलेला आकडा तो हाय, टायर बसते तेवढ्या जागेचा. पण थाळी मांडणीत ठेवायची असन तं काठासकट जागा लागते का नाई? आपल्याले गाडीत जागा पाह्यजे. मंग काठासकट मोज."

काठासकट जुना डिस्क सहा इंच, नवा साडेसहा. जुन्याचं निम्मं तीन. चारातून तीन गेले, ऑफसेट एक इंच. नव्याचं निम्मं सव्वातीन. पावणेपाचातून ते गेले, ऑफसेट दीड. मी हे बोटावर करून मोठ्यानं सांगितलं आणि भाऊंच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी डिस्क उचलून बाजूला ठेवला. बाजूला ठेवला म्हणजे बरोबर.

म्हणजे नवं चाक तसंच बसवलं तर जुन्यापेक्षा पाऊण इंच आत घुसणार. मागच्या बाजूला पाट्याला, गाडीचं वजन पेलणाऱ्या त्या लोखंडी कमानीला, टायर घासणार. पुढे स्टेअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या दांड्याला लागणार. उपाय एक होता. हब आणि डिस्कच्या मधे अर्ध्या इंचाची चकती घालायची, चंद्रपूरच्या लेथवर बरोबर मापात कातून घेतलेली, आणि नट ज्यांवर बसतात ते बोल्टही तेवढे लांब. दीडातून अर्धा गेला की ऑफसेट पुन्हा एक. चाकाचा मध्य जिथे होता तिथेच आणि बेअरिंगवर भार जुनाच. नवं चाक रुंद आहे, ते फक्त पाव इंच आत आणि पाव इंच बाहेर वाढणार.

"चकती घालायची तं काट्यावर घालायची," भाऊ बाईंना म्हणाले. "जाड झाली तं टायर बाहेर मडगार्डले खाते. पातळ झाली तं आत पाट्याले खाते. पाव-पाव इंचाची जागा भरल्या गाडीत हाय का नाई, तेवढं पाहू. असन तं तुमी निघा. नसन तं मी खोटं सांगणार नाई."

मग नेहमीप्रमाणे वजन बोलावलं. टपरीवरून चार माणसं आली, दोन पुढे, दोन मागे. डिकीत भाऊंनी टायर टाकले. मी उजव्या बाजूला, भाऊ डाव्या बाजूला, दोघे आडवे. माझ्या बाजूला भरपूर जागा निघाली. भाऊंच्या बाजूनं आवाज येईना.

"काय झालं भाऊ?"

"मागचा डावा गेला. बोट बी जात नाई."

त्यांनी परत मोजलं. गाडी डावीकडे बसत होती. पाटा थकला असणार, म्हणाले. पाटा बदलायचा तर तोही आता मिळणारा नव्हता. भाऊ उठून बसले, कोपरानं कपाळ पुसलं. सिस्टरबाई पदर डोक्यावर घेऊन गाडीकडे बघत उभ्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग बाई गाडीच्या पुढे गेल्या आणि काचेतून आत बघायला लागल्या.

"काय जी," त्या आतल्या लोकांना म्हणाल्या, "एका बाजूले काऊन गोळा झाले तुमी? मेंढ्या हाय का?"

खरंच होतं. दुपार चढली होती, ऊन उजव्या बाजूनं सरळ खिडकीत येत होतं. डावीकडे दुकानाच्या पत्र्याची सावली. मागचा उजव्या बाजूचा माणूस सरकत सरकत शेजाऱ्याच्या जवळजवळ मांडीवर आला होता. पुढे स्टेअरिंगशी बसवलेला तर स्टेअरिंग सोडून निम्म्या सीटवर. सगळं वजन सावलीला.

"बाई, तिकडं तवा तापला हाय," मागचा म्हणाला. "बूड भाजून माप द्याचं का?"

भाऊ आधी हसले. मग इतके हसले की चाकाला टेकून बसले. "पाटा थकला म्हणत होतो मी. हे लोक थकले हाय." आणि सिस्टरबाईंना म्हणाले, "बरं पाह्यलं तुमी. मी खाली पडून फट पाहत राह्यलो, वर कोण कुठी बसलं ते नाई पाह्यलं."

सगळ्यांना जागेवर बसवलं तेव्हा डावीकडेही फट निघाली. पुरेल अशी वाटत होती. मला वाटलं झालं. पण भाऊ पट्टी हातात घेऊन विचार करत राहिले.

"हे माप बी खोटं," शेवटी म्हणाले. "दादा डाव्या दाराले टेकून बसतात ना? मंग त्यायचं वजन सारं डावीकडं जाते. हे सरळ बसणारे लोक काय कामाचे? ज्यायले जायचं हाय, तेच पाह्यजे."

"ते नाई येत इथी," बाई म्हणाल्या. "चार लोकांसमोर पाय उचलून घ्यावा लागते. बाजारात आणते तं गाडीतून उतरत नाईत."

"मंग आपण जाऊ."

भाऊंनी गाडी स्वतः चालवत नेली, चालत गेल्यासारखी सावकाश. मी मोटरसायकलवर मागून, नव्या डिस्कांपैकी एकावर टायर चढवून तो पाठीला बांधून. पूर्ण रस्ताभर माझी नजर त्या तडा गेलेल्या चाकांवर. दोन्हीकडे मोहाची झाडं होती, खाली फुलं वेचून झालेली स्वच्छ जागा होती, हे मला आता लिहिताना आठवतं. तेव्हा फक्त चाकं दिसत होती.

काका, म्हणजे सिस्टरबाईंचे यजमान, पडवीत खाटेवर बसले होते. सरळ पाय खुर्चीवर ठेवलेला. दाढी वाढलेली. भाऊंनी रामराम-जयभीम केलं, पाणी घेतलं आणि कामाचं सांगितलं.

"मापाले माझं काय काम?" काका म्हणाले. "मी का टायर हाय?"

"दादा, तुमी तिरपे बसता. तसं तिरपं बसायले मले दुसरा माणूस भेटत नाई."

"भेटन. लय माणसं हाय जगात."

भाऊंनी आग्रह केला नाही. "बरं," म्हणाले, आणि मला हाक मारली. "तू बस. दादाच्या जागेवर. पाय सरळ ठेव."

बाई स्टेअरिंगवर बसल्या. मागे काकांची बहीण आणि शेजारची एक बाई, त्या दोघी खरोखरच सोबत जाणार होत्या. डिकीत टायर नव्हते, बाईंनी लेकीसाठी बांधून ठेवलेलं तांदळाचं पोतंच टाकलं. मी पुढे डाव्या दाराला पाठ लावून बसलो आणि डावा पाय पसरला. तो पसरलेला ठेवणं वाटतं तेवढं सोपं नाही. गुडघा आपोआप वर येतो. मी दाबून धरला, तर कंबर पुढे सरकली.

"भाऊ, असं का?" मी विचारलं.

"असंच असन," भाऊ गाडीखालून म्हणाले. "जरा उजवीकडं सरक."

पडवीतून खाट वाजली. "उजवीकडं काऊन सरकते तो? मी उजवीकडं कधी सरकलो?"

"मंग कसं दादा?"

"पाठ दारालेच पाह्यजे. आणि पाय असा खाली नाई, टाच वर, त्या मधल्या उंचवट्यावर." मी टाच वर घेतली, गुडघा परत वाकला. "अरे वाकवू नको ना! वाकवता आला असता तं इथी कशाले बसलो असतो मी?"

मागे बसलेली त्यांची बहीण तोंडाला पदर लावून हसायला लागली. "दादा, याच्या पायाले नाई जमत. तुह्याच पायाले जमते ते."

काका दोन शिव्या पुटपुटले, एक मला, एक भाऊंना. मग बायकोला म्हणाले, "ये, धर."

सिस्टरबाई उतरल्या. मीही उतरलो. बाईंनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. त्यांचा पाय उचलून गाडीत घेताना मला तो केवढा जड आहे ते कळलं. काका बसले. पाठ दाराला, टाच उंचवट्यावर, उजवा हात सीटच्या पाठीवर पसरलेला. बसल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. बस चालवणाऱ्या माणसाची नजर असते, समोरच्या काचेतून लांब जाणारी, ती आली. मग परत स्टेअरिंगवर बसलेल्या बाईंना म्हणाले, "आरसा पाह्य तुहा. आभाळ दिसत असन त्यात."

भाऊंनी हे मुद्दाम केलं का, मी कधी विचारलं नाही. ते तोवर परत गाडीखाली गेले होते आणि तिथून माप मोठ्यानं सांगत होते. खरं वजन, खरी माणसं, खरं तांदळाचं पोतं. डावीकडे मागे एक बोट जाऊन वर थोडी जागा राहत होती. त्यातून पाव इंच गेला तरी उरत होतं. पुढे जॅकवर घेऊन नवं चाक हबपाशी धरलं, चकतीऐवजी लाकडाची अर्ध्या इंचाची चीप मधे घालून, आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. दांड्याला लागलं नाही.

"पुरते का?" काकांनी वरून विचारलं. आवाजात मघाचा तोरा नव्हता.

"पुरते, दादा. लेकीले कळवा."

चकत्या कातून आल्या. चाकं चढली. नट मी आवळले, भाऊंनी तपासले, मी पुन्हा आवळले. निघायच्या आधी भाऊंनी पानठेल्यावरून ओला चुना मागवला आणि बोटानं पाट्याच्या आतल्या बाजूला आणि मडगार्डच्या कडेखाली जाड थर फासला. ही त्यांची जुनी पद्धत. टायर कुठे घासलं तर चुना पुसला जातो आणि खोटं बोलत नाही. तीस-चाळीस मैलांवर थांबून तो बघायचा, असं त्यांनी बाईंना बजावलं. चुना पुसलेला दिसला तर तिथूनच मागे फिरायचं.

गाडी गेली. आष्टी, आलापल्ली, पुढे जंगल. मी दोन दिवस कामात चुका करत होतो. भाऊ म्हणाले, "तुह्या घोरानं का चाक सरळ चालते? तसं असतं तं मी तुले भाड्यानं दिलं असतं." पण मोबाइल वाजला की तेही माझ्याआधी बघत होते.

मग बाईंचा एक फोटो आला. काका खाटेवर बसलेले, दाढी केलेली, पाय समोर सरळ लांब. आणि त्या पायावर, मांडीपासून नडगीपर्यंत, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ झोपलेलं. आमच्याकडेही बायका बाळाला असंच पायावर घेतात, न्हाऊ घालताना. त्यासाठी पाय मुद्दाम लांब करून बसावं लागतं. खाली बाईंनी लिहिलं होतं की पोरगी याच पायावर झोपते, दुसऱ्या कुणाच्या पायावर नाही, त्यामुळे यायला उशीर होणार. भाऊंनी तो फोटो पानठेल्यावर नेऊन सावलीत सरकलेल्या त्या माणसाला दाखवला. "पाह्य. तुह्यामुळं हे राह्यलं असतं." तो म्हणाला, "माह्यामुळंच झालं गा. मी सरकलो म्हणून बाईले दिसलं."

गाडी परतीच्या वाटेवर सरळ दुकानातच आली. लाल धुळीनं न्हालेली. काका पुढे तसेच, दाराला टेकून. भाऊ बॅटरी घेऊन खाली गेले. मी दुसऱ्या बाजूनं. पाट्यावरचा चुना धुळीखाली जसाच्या तसा होता, वर भाऊंच्या बोटांच्या रेघाही शाबूत. पुढेही तसाच. मग मागच्या डाव्या मडगार्डच्या कडेला वीतभर जागेत चुना नव्हता. खालचा पत्रा चमकत होता.

डिस्कचं माप मी सांगितलं होतं.

भाऊ बाहेर आले, काकांच्या खिडकीशी उभे राहिले. "दादा, किती लोक होते गाडीत?"

"चार. तुले माहीत नाई का?"

मागे बसलेली बहीण खिडकीतून बाहेर बघायला लागली. सिस्टरबाई स्टेअरिंगवरची धूळ पुसत होत्या.

"येताना?"

"येताना दोन बाया भेटल्या. एक तेंदूपत्त्याचं ओझं घेऊन. बस निघून गेली होती त्यायची."

"सहा झाले. आणि ओझं."

"मंग का जंगलात सोडून येऊ? आयुष्यभर बस चालवली मी. रस्त्यावर हात केलेला माणूस मी कधी सोडला नाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आवाज आला जरासा. खड्ड्यात. मी हिले म्हणलं, हळू घे. हळू घेतली तं नाई आला."

"चार माणसांचं माप होतं, दादा."

"चार माणसांचं माप घेतलं हे तुहं चुकलं," काका म्हणाले. "इकडं चार माणसं घेऊन कोण जाते?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी आजवर त्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं, आणि आता ते त्यांना ऐकवलं जात होतं. ते हसले नाहीत, मान डोलावली. "खरं हाय," म्हणाले. मडगार्डची आतली कड अजून जाड, टायरच्या बाजूला आलेली होती. ती तापवून वर चेपली की हवी तेवढी जागा निघते, पत्र्याला धक्का न लागता. भाऊंनी हातोडी आणि लाकडाचा ठोकळा मागवला, आणि टपरीकडे तोंड करून ओरडले.

"चला गा. दोन माणसं पाह्यजे."

एक उठला. दुसरा कुणी उठेना, दुपारची वेळ होती, उजवी बाजू पुन्हा उन्हात होती. मीच हात पुसले आणि मागचं दार उघडून आत गेलो. काकांनी मान वळवून मला बघितलं, ओळखलं आणि खिशातून मोबाइल काढून मागे दिला. त्यांना दाखवायचे फोटो पुष्कळ होते. मी उन्हाच्या बाजूला खिडकीशी, पाठ सीटला टेकवून सरळ बसलो, आणि एकेक फोटो बघताना सावलीकडे सरकायचं नाही एवढं ध्यानात ठेवलं.